नऊपट जवळचा भाऊ

आर्विड पेल्टोला आपल्या धाकट्या भावाशी, सुलोशी, तीन हंगाम बोलत नव्हता आणि त्याला कारण एक दुर्बीण होती. बाई नाही, जमीन नाही, दारूसुद्धा नाही. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठच्या फिनिश वस्त्यांत भावाभावांनी न बोलणं ही तशी बातमी होत नाही. उलट जे भाऊ फार बोलतात त्यांच्याकडेच लोक जरा संशयानं बघतात. पण दुर्बिणीवरून म्हणजे अति झालं, असं दोघांच्याही बायकांचं मत होतं. बायका एकमेकींशी भरपूर बोलत.

दुर्बीण म्हणजे बंदुकीवर बसवतात ती, एका डोळ्यानं बघायची. म्हाताऱ्या पेल्टोलाच्या, म्हणजे दोघांच्या बापाच्या, बंदुकीवर आयुष्यभर चारपटी होती. चारपटी म्हणजे जग चारपट जवळ आणणारी. त्याहून कमी नाही, जास्त नाही, तिला दुसरं काही येतच नव्हतं. म्हातारा गेला तेव्हा बंदूक सुलोच्या वाट्याला आली आणि जंगलातला कॅम्प, म्हणजे दलदलीच्या कडेची ती ओंडक्यांची खोली आणि मागची सौना नावाची वाफेची न्हाणी, दोघांत निम्मानिम्मा झाला. सुलोनं पहिल्याच उन्हाळ्यात चारपटी उतरवली, एका लोकरी मोज्यात घालून कॅम्पच्या फळीवर ठेवली, आणि बंदुकीवर फिरती चढवली. फिरतीला एक कडं असतं. ते एका टोकाला नेलं की जग तिप्पट, दुसऱ्या टोकाला नेलं की नऊपट, आणि मध्ये कुठेही थांबायची मुभा.

ही मुभाच आर्विडला नको होती. त्याच्या स्वतःच्या बंदुकीवरही बापासारखीच चारपटी होती. त्याचं म्हणणं असं की हरणाच्या शिकारीत माणसानं निर्णय घरून घेऊन यायचा. चारपटीत भिंगं कमी, म्हणून संध्याकाळी उजेड जास्त. आत हलणारं काही नाही, म्हणून थंडीत धुरकटत नाही, धक्का बसला तरी नेम हलत नाही. आणि मुख्य म्हणजे हरीण समोर उभं असताना बोटांना चाळा करायला काही नाही. सुलोचं म्हणणं, जंगल दाट असेल तिथे तिप्पट हवं, दलदल मोकळी आहे तिथे नऊपट. सगळ्याच गोष्टी माणसापासून सारख्या अंतरावर नसतात. यावर आर्विड म्हणाला होता की असलं बोलणं पाद्र्याला शोभतं, शाळेची बस चालवणाऱ्याला नाही.

मग पहिल्याच हंगामात व्हायचं ते झालं. सुलोनं सकाळी कडं नऊवर नेलं होतं आणि तिथेच विसरला. हरीण आलं ते थेट मचाणाखाली. त्यानं डोळा लावला तर पुढे नुसते केस. तपकिरी, करडे, टोकाला बर्फाचे कण लागलेले केस, वाऱ्यावर हळूच एका दिशेनं झुकणारे, जणू उशिरा कापणीला आलेलं ओटचं शेत. ते शेत कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, खांदा कुठला नि पोट कुठलं, काही कळेना. सुलो त्या शेतात बराच वेळ हिंडला. त्याला छान वाटत होतं. मग शेत उठून चालू लागलं आणि झाडीत गेलं. रात्री जेवताना त्यानं हे सगळं प्रामाणिकपणे सांगितलं, ही त्याची खरी चूक. आर्विडनं चमचा खाली ठेवला, आणि तेव्हापासून तो सुलोशी चुलतभावामार्फत बोलू लागला.

चुलतभाऊ एमिल कॅम्पचा स्वयंपाकी. त्यानं जन्मात बार टाकला नव्हता. तो दर नोव्हेंबरात बायकोपासून लांब राहायला यायचा. “एमिल, त्याला सांग, मीठ सरकव,” असं आर्विड म्हणायचा आणि एमिल सुलोला सांगायचा, “आर्विड म्हणतो, जरा मीठ दे बाबा, कृपा होईल.” ही कृपा एमिलच्या पदरची. आर्विडनं हा शब्द लग्नातसुद्धा वापरला नव्हता.

यंदा पहिल्याच रात्री आर्विडनं कॉफीचा कप पालथा घातला आणि टेबलापलीकडे बसलेल्या सुलोकडे न बघता म्हणाला, “एमिल, त्याला सांग. हंगाम संपायच्या आत म्हाताऱ्याची चारपटी म्हाताऱ्याच्या बंदुकीवर परत चढली, तर झालं गेलं विसरलो. नाहीतर माझा निम्मा हिस्सा त्या डेट्रॉइटच्या दंतवैद्याला विकतो. त्याला इथं आतल्या आत संडास बांधायचाय.”

एमिलनं मान वळवली. “ऐकलंस?”

“तू सांगितल्यावर ऐकलं,” सुलो म्हणाला.

चार स्क्रूंचं काम होतं. कुणीही शहाण्या माणसानं त्याच रात्री करून टाकलं असतं. सुलोनं मोजा फळीवरून काढला, आतल्या दुर्बिणीचं वजन हातानं चाचपलं आणि परत ठेवून दिला. त्याची अडचण अशी होती की ती कुणाला सांगता येण्यासारखी नव्हती.

म्हाताऱ्यानं दोन मुलांसाठी दलदलीच्या दोन काठांना दोन मचाणं बांधली होती, समोरासमोर, आणि दोघांनीही बार फक्त उत्तरेला टाकायचा अशी शिस्त लावली होती. मोकळी दलदल, मधून मधून पानगळ झालेली टॅमरॅकची झाडं, आणि पलीकडे आर्विड: लाल चौकड्यांच्या कोटाचा एक ठिपका. सुलोनं कडं नऊवर नेलं की तो ठिपका भाऊ व्हायचा. मिशीवर गोठलेला श्वास दिसायचा. थर्मासचं झाकण दातांनी उघडायची ती जुनी खोड दिसायची, बापाचीच. टेबलापलीकडे हातभर अंतरावर बसलेला आर्विड सुलोला कधीच नीट दिसत नसे, कारण तिकडे बघितलं की तो मान फिरवायचा. दलदलीपलीकडचा आर्विड मान फिरवत नव्हता. तेव्हा हिशोब असा होता: चारपटी चढवली तर भाऊ बोलेल, नऊपटी ठेवली तर दिसेल. दोन्ही एकदम मिळण्याची सोय कुठल्याच कारखान्यानं अजून काढली नव्हती.

आणि हे बघणं म्हणजे या कॅम्पमधलं महापाप. माणसाच्या दिशेनं बंदूक धरली, भरलेली असो वा रिकामी, तर तो माणूस कॅम्पच्या बाहेर, कायमचा. म्हाताऱ्याचा हा एकच नियम होता आणि तो त्यानं स्वतःच्या मेव्हण्यालाही लावला होता. मेव्हण्यानं गमतीनं संडासाच्या दारावर नेम धरला होता आणि आत कुणीतरी होतं. तो मरेपर्यंत परत आला नाही. अंत्यविधीला कॅम्पतर्फे फुलं मात्र गेली. दोन डोळ्यांची साधी दुर्बीण आणावी तर ती पक्षी मोजणाऱ्यांनी नि तटरक्षकांनी गळ्यात घालायची वस्तू, असा त्या भागातला सार्वत्रिक समज. तेव्हा सुलो रोज आधी गोळ्या काढून एका खिशात टाकायचा, मग बोल्ट, म्हणजे बार उडवणारा दांडा, उपसून दुसऱ्या खिशात, आणि उरलेल्या लाकूड-लोखंडातून भावाकडे बघायचा. बोल्टशिवाय बंदूक म्हणजे महागडी काठी. पण नियमात काठीचा उल्लेख नव्हता.

हंगामाच्या मध्यावर एके दिवशी दुपारपासून बर्फ पडत होता, वाऱ्याशिवाय, सरळ, कुणाचीच घाई नसल्यासारखा. दलदल आणि आकाश यांच्यातली रेघ पुसली गेली होती. अशा वेळी मचाणावर बसलेल्या माणसाला आपण बसलोय की तरंगतोय ते कळत नाही, आणि कळून घ्यायची निकडही वाटत नाही. सुलोनं खिसे भरले आणि डोळा लावला. नऊपटीत स्वतःचा श्वासही नऊपट होतो. वर्तुळ छातीबरोबर वरखाली होत होतं. त्या वर्तुळात आर्विड खुर्चीत बसला होता. टोपी पायाशी पडली होती. उघड्या डोक्यावर बर्फ साचला होता, मांडीवर साचला होता, आणि मिशीसमोर वाफ दिसत नव्हती.

सुलोनं थोडी वाट पाहिली. कडं मागं नेलं, पुढं आणलं, जणू कुठल्यातरी आकड्यावर आर्विड हलेल. तिपटीत तो झोपलेला माणूस होता. नऊपटीत तो पुतळा होता. मग सुलो बंदूक खांद्याला अडकवून शिडीवरून उतरला आणि दलदलीत सरळ चालू लागला. सरळ गेलो तर बर्फात पावलं उमटतील, आणि पावलं विचारतील की तुला इथून काय दिसलं. हे त्याला चालताना कळत होतं. पण वळसा घालायला वेळ नव्हता.

चालताना एक गंमत झाली. मघाशी गालाला गाल लागेल इतका जवळ असलेला आर्विड आता एक लाल ठिपका होता, आणि सुलो जेवढा जवळ जाई तेवढा तो तसाच राही. बर्फाखालचं गोठलेलं गवत मोडत होतं, त्याचा आवाज दुसऱ्याच कुणाच्या तरी पायाखालून यावा तसा येत होता. दुर्बिणीच्या कड्याचं एक वळण पायांनी चालायला किती लांब असतं याचा सुलोला कधी अंदाजच नव्हता. लहानपणी बर्फात असाच तो आर्विडच्या मागून चालत असे, त्याच्या पावलांवर पावलं टाकत, आणि आर्विड मुद्दाम लांब टांगा टाकत असे. आज पुढे पावलंच नव्हती.

शिडी चढून त्यानं भावाच्या खांद्याला धरून हलवलं. एकदा, मग जोरात, मग फार जोरात. आर्विडच्या डोक्यावरचा बर्फ घसरला. त्यानं एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि जाड झालेल्या जिभेनं म्हणाला, “एमिल, त्याला सांग...”

दोघांनीही एमिल कुठे आहे ते पाहिलं. एमिल कॅम्पवर पास्टीत, म्हणजे मांस भरलेल्या मोठ्या करंजीत, घालायला सलगम चिरत होता.

“एमिल नाहीये,” सुलो म्हणाला.

आर्विडनं यावर बराच विचार केला. “दिसतंय,” तो म्हणाला.

तीन हंगामांतला हा पहिला शब्द. सुलोनं थर्मासमधली कॉफी ओतून त्याच्या हातात दिली, हात थरथरत होते म्हणून आपल्या हातांत धरून पाजली, मग त्याचे बूट काढून पाय आपल्या कोटाच्या आत घेतले. पाय दगडासारखे होते. आर्विड म्हणाला की तो नुसता डोळे मिटून ऐकत होता, उठवलं नसतं तरी उठलाच असता. सुलो हो म्हणाला.

“तू इकडे कशाला आलास?”

“तुझी टोपी पडली होती.”

आर्विडनं टोपीकडे बघितलं. मग दलदलीकडे, जिथून एकच सरळ रेघ आली होती. कुणी सांगायची गरज नव्हती, पण सुलोनं खिशातून बोल्ट काढला आणि तळहातावर धरला.

“नऊपटीत दिसली. नियम मला माहीत आहे. तुझे पाय जरा गरम झाले की सामान आवरतो.”

आर्विडनं मिशीवरचा बर्फ चोखला. “रोज बघतोस?”

“रोज.”

“काय बघतोस एवढं?”

“काही नाही. नाक शिंकरतोस. पास्टीची कड खारींना टाकतोस. परवा रडत होतास.”

“पास्टीत कांदा होता.”

“शिजलेला?”

“तू एमिलचा स्वयंपाक मला शिकवू नकोस,” आर्विड म्हणाला. खाली बर्फ पडत होता. मग तो कपात बघत म्हणाला, “चारपटीत तू काडीएवढा दिसतोस. काडीपेटीतल्या. तोंड दिसत नाही. हलतोय की नाही, एवढंच कळतं.”

सुलोनं त्याचे पाय कोटात आणखी आत ओढले.

“तेवढं पुरायचं,” आर्विड म्हणाला.

नियमानं पाहिलं तर आता दोघेही कॅम्पच्या बाहेर होते आणि आत एकटा एमिल उरत होता. एमिल सगळा कॅम्प दंतवैद्याला फुकटातसुद्धा देईल, वर जेवायला घालील, हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. त्यावर कुणी चर्चा केली नाही. म्हाताऱ्याच्या पोरांना नियम मोडण्यापेक्षा नियमाबद्दल बोलणं जड जात असे.

“आज रात्री चारपटी चढवतो,” सुलो म्हणाला.

“दे बघू ती इकडे.”

सुलोनं बंदूक दिली. बोल्ट धाकट्याच्या हातात आहे हे दिसत असूनही आर्विडनं सवयीनं तिच्यात आत बघून ती रिकामी आहे याची खात्री केली, मग कठड्यावर टेकवून पलीकडच्या रिकाम्या मचाणाकडे डोळा लावला. कडं उलटं फिरतं म्हणून तक्रार केली. जड आहे म्हणून तक्रार केली. वर्तुळ हलतं म्हणाला, आणि सुलो म्हणाला की वर्तुळ नाही, तू हलतोयस. मग आर्विडची तक्रार बंद झाली.

“काय झालं?”

“तुझ्या मचाणाखाली हरीण उभं आहे.”

सुलोनं डोळे बारीक केले. पांढऱ्यावर पांढरं पडत होतं, त्यापलीकडे काही नव्हतं. बार टाकायला ते फारच लांब होतं, उत्तरेलाही नव्हतं, आणि आर्विडची स्वतःची बंदूक कोपऱ्यात होती तिथेच राहिली. त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही.

“नर?”

“नर. थांब. मोठा आहे. तू जिथून उतरलास तिथलं हुंगतोय.”

“शिंगं?”

“डावं एक टोक मोडलंय. अरे, काय केस आहेत. पाठीवर बर्फ आहे तो वितळत नाहीये.”

“मला दे ना जरा.”

“देतो,” आर्विड म्हणाला आणि दिली नाही. त्याचे पाय अजून सुलोच्या कोटात होते, आणि आता त्यांना ऊब येऊ लागली होती, कारण बोटं हलत होती. “कान मागं गेलेत. काहीतरी ऐकलं त्यानं. आपल्याला नाही. आता तुझ्या पावलांपाशी आलाय. चाललाय बघ त्यांच्यावरून.”

“इकडे?”

“इकडे. सावकाश. गुडघ्यापर्यंत पाय उचलतोय. म्हातारा चालायचा तसा.”

“आणि चारपटीचं काय?” सुलोनं विचारलं.

“हंगाम संपायला अवकाश आहे,” आर्विड म्हणाला. “मध्येच बोलू नकोस, हलतं.”

 सुलोला काहीच दिसत नव्हतं, हरीण नाही, दलदल नाही, समोरचं आपलं मचाणसुद्धा नाही. कठड्याला पाठ टेकून त्यानं डोळे मिटले आणि आर्विड सांगत गेला तसतसं ऐकत राहिला: आता थांबला, आता मान वळवली, आता टॅमरॅकच्या आड गेला, आता परत दिसला.