बोंडाच्या बाहुलीचे लाल डोळे

मित्रांनो, माझ्याकडे जरा नीट पाहा. कपाशीच्या वाळक्या बोंडाचा घागरा, कापसाचं गोल तोंड आणि पाठीला सेफ्टी पिन, एवढीशी मी बाहुली. पण माझ्यामुळे एक जीव जाता जाता राहिला! आठवलं की अजून माझा कापूस थरथरतो.

मला मुकुटबनच्या सुरभीनं बनवलं. मारेगावला किशोरी मंडळांचा मेळावा होता. तिथली रीत अशी, की प्रत्येकीनं आपल्या हातानं मैत्रखुणा बनवायच्या, एक द्यायची, एक घ्यायची. विकतची अजिबात चालत नाही. सुरभीनं माझ्यासारख्या वीस जणी केल्या. डोळ्यांसाठी तिनं शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, वेलीच्या गुंजा आणल्या. लालचुटूक, वर काळा ठिपका! पण गुंज भलती टणक, दोरा ओवणार कसा? मग तिनं दाभण चुलीत तापवून एकेकीला भोक पाडलं. चाळीस भोकं! बोट भाजलं, तरी थांबली नाही.

"पाह्य वं आई, कशी टुकूटुकू पाहून राह्यली!" ती म्हणाली, आणि मी फुलूनच गेले.

मेळाव्यात मुली आमच्यावर तुटून पडल्या. मारेगावच्या निलोफरनं मण्यांचा मासा देऊन मला घेतलं.

"डोळे कायचे आहेत वं?"

"गुंजीचे. पहिले सोनार सोनं तोलत नं, त्याच."

निलोफरनं मला ओढणीला टाचलं. किती मिरवले म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढणी खाटेवर पडली होती. निलोफरची तीन वर्षांची बहीण शिफा मला घेऊन बसली. तिनं माझा डोळा ओढला, दोरा तुटला. मग कट्कन आवाज आला. मित्रांनो, माझा डोळा तिच्या दाताखाली होता!

"अगं, हिचा एक डोळा कुठं गेला?" निलोफर हसत म्हणाली. शिफानं तोंड उघडून दाखवलं. जिभेवर लाल टरफल.

त्यांची दादी, हुस्नाबी, शेळ्यांना चारा टाकत होती. ती आली आणि मला पाहून जागीच थिजली.

"या अल्लाह, गुंज! मेरी बकरी इसीसे मरी थी! अरे, आटो बुलाओ!"

विष? मी? काल ज्या डोळ्यांचं कौतुक झालं, ते विषाचे होते?

दवाखान्यात डॉक्टरांनी मला तळहातावर घेतलं. म्हणाले, "अख्खी गिळली असती, तर कडक सालीमुळे बहुतेक तशीच बाहेर पडली असती. पण हिला भोक पाडलंय, वरून हिनं चावलीय. आतलं विष मोकळं झालं."

ते भोक! बोट भाजून घेऊन पाडलेलं ते भोक! मला रडताही येईना.

निलोफरनं तिथूनच सुरभीला फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं. पलीकडून सुरभी एकदम ओरडली, "निलू, मले खरंच माहीत नव्हतं वं! पण बाकीच्या? माह्या तर वीस आहेत!"

मागून तिची आई बोलली, "गप राय. कोणाले सांगू नको. लोक तुलेच धरतीन."

"कशी गप राहू आई? त्या घरी बी लेकरू असन नं!"

तिनं एकेका मंडळाला फोन केले, प्रत्येकीला 'ते विष मीच दिलं' असं सांगितलं. शिफाला सलाइन लागलं होतं, उलट्या थांबत नव्हत्या. सुरभी भेटायला आली आणि दारातच उभी राहिली.

"अंदर आ बेटा," हुस्नाबी म्हणाली. "तूने छुपाया तो नहीं."

चौथ्या दिवशी शिफानं वरणभात मागितला, तेव्हा दोघी मैत्रिणी गळ्यात गळा घालून रडल्या.

माझा उरलेला डोळा काढला, तिथं आता काळा टाका आहे. अठरा बाहुल्या परत आल्या. मी एकोणिसावी. विसावी मात्र सापडत नाही. ती सुरभीनं झरी जामणीकडच्या एका मुलीला दिली, बस सुटता सुटता, नावही न विचारता.

मित्रांनो, ती हसरी आहे, माझ्यासारखीच. कुणाच्या दप्तराला लटकलेली दिसली, तर लेकरांच्या हाती लागू देऊ नका. कागदात गुंडाळा, घरच्या मोठ्यांना सांगा आणि मुकुटबनच्या सुरभीला तेवढा निरोप धाडा. फोन वाजला की ती अजून हातातलं ताट टाकून धावते.