इंदूताईंचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. विहिरीवरचा नव्हे, कड्यावरचा. आत पांढऱ्या नायलॉनच्या धाग्यांचा गाभा आणि वरून लाल-निळं विणलेलं आवरण, अशी माझी घडण. नगरच्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या इंदूताईंनी मला परदेशातून मागवलं, तेव्हा गल्लीत मोठी चर्चा झाली. शेजारच्या रंगुबाई म्हणाल्या, "अगं इंदू, चढायची एवढी हौस, तर आमच्या माळ्यावर चढ. दिवाळीची भांडी काढायची आहेत!"

इंदूताईंनी भांडी काढून दिली आणि रविवारी त्या मला घेऊन भंडारदऱ्याला गेल्या. अंगात भावाची विजार, पायचे दुमडलेले. हा भाऊ म्हणजे कादंबरीकार मार्तंडराव. सारा महाराष्ट्र त्यांची पुस्तकं वाचत असे. ते स्वतः मात्र स्टुलावर चढायलाही घाबरत. कड्याखाली सावलीत बसून ते लिहीत आणि मधूनच ओरडत, "इंदे, आहेस ना गं?" वरून उत्तर येई, "आहे! तू लिही!"

चढाईआधी इंदूताई डोळे मिटून मला बोटांतून सरकवत. मला कुणी पाय लावलेला त्यांना चालत नसे. पायाखाली आलं की मातीचे कण आत शिरतात आणि धागे आतून कापतात.

एकदा घाटघरच्या कड्यावर त्यांच्या पायाखालचा दगड सुटला. त्या बऱ्याच खोल पडल्या. मी ताणलो, लांबलो आणि पडण्याचा सगळा जोर स्वतःत घेतला. त्यांना फक्त खरचटलं. पण एवढा झटका घेतलेला दोर गिर्यारोहक पुन्हा वापरत नाहीत. बाहेरून तो धड दिसतो; आत काय तुटलं ते दिसत नाही. इंदूताईंनी मला त्याच दिवशी निवृत्त केलं.

मार्तंडरावांच्या कादंबरीत मात्र नायिका त्याच दोराने कडा सर करते. "हा दोर तुटणारा नव्हे," हे तिचं वाक्य वाचकांना पाठ झालं. मी त्यांच्या लिहिण्याच्या खोलीत भिंतीवर जाऊन बसलो. लोक माझ्यासोबत फोटो काढत. समोरच्या खिडकीतून रोज दुपारी ऊन येई. उन्हाने नायलॉन हळूहळू कमकुवत होतं, हे त्या कौतुकात कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढे मार्तंडराव गेले.

यंदा त्यांच्या स्मृतिदिनी वाचकांनी त्या कड्यापाशी जमायचं ठरवलं. त्यांची नात ईरा दोरावरून कडा उतरणार होती. सराव केलेली मुलगी. पण आजोबांच्या मायेपोटी तिने मला भिंतीवरून काढलं आणि पिशवीत स्वतःच्या नव्या दोरावर भरलं.

पायथ्याच्या गावात साळूबाईंच्या अंगणात सगळे चहा पीत होते. इंदूताई आता थकल्या आहेत, तरी आल्या होत्या. पिशवीतून डोकावणारं माझं टोक त्यांना दिसलं.

"ईरा, हा कशाला आणलास?"

"याच्यावरूनच उतरणार मी! आजी, आजोबांनी लिहिलंय ना, हा तुटणारा नव्हे."

"लिहिलं त्याने. पडले मी होते."

"अगं, पण बघ तरी. एक धागा निघालेला नाही."

इंदूताईंनी साळूबाईंची सुरी मागून घेतली आणि चुलीत तापवली. तापल्या पात्याने कापलं की माझी टोकं उसवत नाहीत.

"आवो आजी, कापता कशापायी? लई चांगला हाय की!"

"चांगला दिसतो, साळूबाई. म्हणूनच कापायचा."

मी वितळत तुटलो. तुकडे अंगणात पडले. ईराला रडू फुटलं. "आजोबांची आठवण होती ती!"

इंदूताईंनी तिला जवळ घेतलं. "तो माझा भाऊ होता, बाळा. मला का वाईट वाटत नाही? पण आज तू याला लटकली असतीस. भिंतीवर परत टांगला असता, तर उद्या तुझी लेक लटकली असती. डोळे पूस. नवा दोर काढ."

ईरा नव्या दोरावरून सुखरूप उतरली.

माझा मोठा तुकडा आता साळूबाईंच्या अंगणात दोन खांबांना बांधलेला आहे. दुसऱ्याने त्या शेळी बांधतात. ती मला निवांत चघळते. कड्यावरचा मान इथे नाही. पण कुणाचा जीव माझ्यावर टांगलेला नाही, म्हणून मी स्वस्थ असतो. मित्रांनो, जुन्या वस्तूंवर जरूर माया करा. पण तुमचं माणूस कड्यावरून उतरणार असेल, तेव्हा दोर नवा घ्या. माझ्यावर गोधड्या वाळत घाला.