टार्निटचा बिनसमुद्राचा दीपस्तंभ

मी एक जुना दीपस्तंभ आहे. जुना म्हणजे सात वर्षांचा. पण टार्निटच्या आमच्या इस्टेटमध्ये, म्हणजे या नव्या वसाहतीत, माझ्याहून जुनं काहीच नाही, झाडंसुद्धा नाहीत. आणि मित्रांनो, हसू नका, इथून समुद्र दिसत नाही. माझ्या पायाशी आहे ते बदकांचं तळं.

बिल्डरने मला प्लॉट खपवायला आणलं आणि राजकारण सुरू झालं. पूर्वेच्या गल्ल्या म्हणाल्या, आमच्याकडे उभारा; पश्चिमेच्या म्हणाल्या, आमच्याकडे. तीन मीटिंगा झाल्या, समोशांसकट. शेवटी मी मधोमध, तळ्याकाठी उभा राहिलो. दिव्याची किल्ली तळ्यासमोर राहणाऱ्या चंद्रहासला मिळाली, कारण या मधल्या जागेसाठी सगळ्यात जास्त मतं त्याने गोळा केली होती.

शाळेत इतिहास शिकवणारी चित्रलेखा म्हणाली, "अमेरिका नवी होती ना, तेव्हा अगदी असंच चालायचं. ज्याला त्याला दीपस्तंभ आपल्याच बंदरात हवा. आणि दिवा लावणाऱ्याच्या नेमणुकीला थेट राष्ट्राध्यक्षाची मंजुरी!"

"मग माझ्या ऑर्डरवर कोण सही करतंय?" चंद्रहासने ताबडतोब विचारलं.

पहिली वर्षं कौतुकात गेली. मग काच मळली, मॅगपाय पक्ष्याने डोक्यावर घरटं केलं आणि शैलेंद्र वसाहतीच्या कमिटीत आला. माझा उजेड त्याच्या बेडरूममध्ये जायचा.

"समुद्र नाही, जहाज नाही. पाडून टाका, मेट!" तो अगदी इथल्या गोऱ्यांच्या थाटात म्हणाला. रविवारी मतदान ठरलं, तोवर दिवा बंद.

जूनमध्ये इथे ऐन हिवाळा, साडेपाचलाच अंधार पडतो. मंगळवारी शैलेंद्र ऑफिसातून आला. आमच्याकडची घरं सगळी एका साच्यातली: करडं छप्पर, करडं गॅरेज, दारात चपलांचा ढीग. एरवी तो माझ्यापाशी वळून तिसरं घर मोजायचा. आज मीच दिसेना, तर मोजणार कुठून? एका घराचं दार उघडं होतं, आतून फोडणीचा वास येत होता. हा बूट काढून शिरला, सोफ्यावर ऐसपैस बसला आणि ओरडला, "अगं, चहा टाक!"

"टाकते," आतून आवाज आला, "पण आपण कोण?"

झारा घेऊन त्या घरची सुनेत्रा बाहेर आली. शैलेंद्र एका पायात स्वतःचा बूट आणि दुसऱ्यात तिच्या नवऱ्याची चप्पल अडकवून पळाला.

रविवारी सात हात मला पाडायला वर झाले, सात वाचवायला. राहिला शैलेंद्र. सुनेत्राने पिशवीतून एक बूट काढला आणि टेबलावर ठेवला.

शैलेंद्रने मला वाचवायला हात वर केला.

आता त्याने बेडरूमला जाड पडदे लावलेत. दर शनिवारी शिडी लावून माझी काचही तोच पुसतो, आणि किल्लीसाठी चंद्रहासशी भांडतो. मला फार बरं वाटतं.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतही एखादा दिवा असेल. त्याला पाडायची घाई करू नका, अधूनमधून काच पुसा. आणि कोणालाही चहा टाकायला सांगण्याआधी एकदा वर बघा.