झोफ्का येऊन गेल्याशिवाय

“झोफ्का येऊन गेल्याशिवाय टोमॅटोच्या रोपाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, तिल्का. ऊन कितीही लाडीगोडी लावू दे. शब्द मी तुझ्याकडून घेते आहे, कारण माझा मुलगा मला माहीत आहे.”

मित्रांनो, हा आवाज आमच्या रोझालियाबाईंचा. त्या आता नाहीत, पण त्यांनी सुनेला सांगितलेलं हे वाक्य मी विसरले नाही. विसरणार कशी? मला दोन कान आहेत.

मी एक जुनी पातेली आहे. इनॅमलची, बाहेरून निळी, आतून पांढरी. माझा जन्म भट्टीत झाला. आधी पत्र्याला ठोकून आकार दिला, मग लेप चढवून पुन्हा भाजलं. जन्मतःच होरपळलेल्याला पुढे फारसं काही जड जात नाही. रोझालियाबाईंच्या लग्नात आहेर म्हणून मी या घरी आले आणि पुढची चाळीस वर्षं दर रविवारी माझ्यात सूप शिजलं. मंडळी चर्चमधून परतेपर्यंत हाडं, गाजरं आणि अजमोद्याची मुळं घेऊन मी मंद आचेवर रटरटत असायची. एकदा पाद्रीबाबांनी तीन वाट्या सूप घेतलं आणि “हे सूप नव्हे, प्रार्थना आहे,” असं म्हणाले. त्या दिवशी मी जरा जास्तच चकाकले असेन.

मग एका रविवारी माझ्या बुडाला भोक पडलं. चाळीस वर्षांची पुण्याई त्या एवढ्याशा भोकातून चुलीवर सांडली. माझी रवानगी परसात, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी झाली. माझ्यात त्यांचा मका राहू लागला. कोंबड्या कौतुक करत नाहीत, मित्रांनो. त्या टोचतात.

तरी वर्षातले तीन दिवस माझे होते. आमच्याकडे मे महिन्याच्या बारा, तेरा आणि चौदा तारखेला पंक्रात्सी, सेर्वात्सी आणि बोनिफात्सी हे तीन संत येतात. संत म्हणून तिघेही थोर, पण येताना डोंगरावरची थंडी खांद्यावर घेऊन येतात. पंधरा तारखेला येते संत झोफ्का. ती हमखास पाऊस पाडते आणि हिवाळ्याचं दार मागे ओढून घेते. त्या पावसावरून गावकरी तिला एक विशेषण लावतात. ते मी सांगणार नाही. चांगल्या घरातल्या पातेलीला ते शोभत नाही. त्या तीन दिवसांत चुकून कुठे कोवळं रोप बाहेर राहिलंच, तर रोझालियाबाई माझ्या भोकात दारूच्या बाटलीचं बूच बसवायच्या आणि मला त्याच्यावर पालथी घालायच्या. म्हणायच्या, “सूप नाही धरत, तर थंडी धर.”

बाईंच्या घराण्यात टोमॅटोचं एक बी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. फळ तळहातात मावत नसे, म्हणून त्याला ‘बैलाचं काळीज’ म्हणत. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात करप्याने पीक गेलं आणि कागदावर वाळवलेल्या फक्त सात बिया उरल्या. तिल्काने मार्चमध्ये त्या दह्याच्या रिकाम्या डब्यांत पेरल्या. सातही उगवल्या! रोज सकाळी जपमाळ झाली की ती ते डबे खिडकीत थोडे थोडे फिरवायची, म्हणजे रोपं एका बाजूला झुकणार नाहीत.

आता तिच्या नवऱ्याची, सिरिलची, गोष्ट. चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. माणूस सज्जन, पण एप्रिलचं ऊन पाठीवर पडलं की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नसे. त्यातच शेजारच्या लुडविकने गेल्या वर्षी गावातला पहिला लाल टोमॅटो कुंपणाशी उभं राहून, मीठ लावून, एकट्याने, अगदी सावकाश खाल्ला होता. सिरिल ते पाहत होता.

एप्रिलच्या शेवटी तो कुदळीला दांडा आणायला बाजारात गेला आणि टोमॅटोची वीस रोपं घेऊन आला. दांडा विसरला. तिल्का त्याच दिवसांत पाय मोडलेल्या बहिणीकडे गेली होती. सिरिलने वीसच्या वीस रोपं वाफ्यात लावली. मग हात शिवशिवत होते, म्हणून खिडकीतली सातही नेऊन लावली.

चार दिवसांनी तिल्का परतली.

“सिरिल, खिडकी रिकामी का?”

“बिचारी माना लांब करून काचेला चिकटली होती गं. म्हटलं, खा बाबांनो पोटभर ऊन.”

“आईंनी काय सांगितलं होतं?”

“आईच्या वेळी थंडी पडायची. आता कुठे पडते?”

तिल्काने पिशवी खाली ठेवली. “चौतीस वर्षं बस चालवलीस. एकदा तरी वेळेआधी सोडलीस? म्हातारी माणसं थांब्यावर हात जोडायची, थंडी वाजतेय, सोडा हो लवकर. तर तू घड्याळ दाखवायचास. आणि टोमॅटोची बस तीन आठवडे आधी सोडलीस?”

रोपांनी आता मुळं धरली होती. उपटावीत तर मरतील, ठेवावीत तर संत यायचे आहेत. तिल्काने क्रूसाची खूण केली आणि दिवस मोजू लागली.

पंक्रात्सीच्या सकाळी वारा फिरला. संध्याकाळी घरातलं प्रत्येक भांडं वाफ्यात आलं. बादल्या, सुरया, लोणच्याच्या बरण्या. एका रोपावर तर सिरिलची ड्रायव्हरची टोपी. लुडविक कुंपणावर रेलला.

“काय शेजारी, टोप्यांचं दुकान काढलंस? मफलर राहिले.”

पंक्रात्सी गेला, सेर्वात्सी गेला. वारा झोंबला, पण दव गोठलं नाही. बोनिफात्सीच्या दुपारी तर कोट काढायची वेळ आली. “संतसुद्धा पेन्शनीत निघाले बघ,” सिरिल म्हणाला.

“पेन्शनीत गेलेली माणसंच जास्त घोळ घालतात,” तिल्का म्हणाली. मे महिन्याच्या प्रार्थनेला रोज संध्याकाळी चर्चमध्ये जायचं तिचं व्रत होतं. रुमाल बांधता बांधता तिने बजावलं, “घंटा व्हायच्या आत सगळी झाक.”

ती गेली आणि लुडविक बाटली घेऊन आला. “माझी रोपं बघ, छाती काढून उभी आहेत. तुझा वाफा म्हणजे इस्पितळ! नुसते आजारी.”

हा शब्द लागला. दोन पेल्यांनंतर सिरिलने सगळी भांडी गोळा केली, धुतली आणि स्वयंपाकघरात पुन्हा रचून ठेवली. बाहेर राहिले मी, मका आणि सत्तावीस रोपं.

दिवेलागणीला तिल्का परतली. “झाकलीस?”

“झाकली,” सिरिल म्हणाला.

मित्रांनो, सिरिल जेवायला दाराकडे तोंड करून बसला. दारातून आत येणारा गारवा त्याला कळत होता. खरं सांगितलं असतं तर दोघांनी मिळून पाच मिनिटांत सगळं झाकलं असतं. पण काही माणसांना रोप गमावणं परवडतं, अब्रू गमावणं परवडत नाही. “कोंबड्या बघून येतो,” म्हणून तो उठला. आतली भांडी तिल्काच्या डोळ्यांदेखत काढणार कशी? त्याने मला उचललं, मका ओतला, खिशातलं लुडविकच्या बाटलीचं बूच माझ्या भोकात बसवलं आणि तो आईच्या सात रोपांसमोर उभा राहिला.

रोपं सात. पातेली एक.

अंगातला स्वेटर त्याने एकावर टाकला, तर त्या रोपाची मानच मोडली. मग सगळ्यांत लहान रोपावर त्याने मला पालथी घातली आणि माझ्या बुडावर हात ठेवून पुटपुटला, “आई, चुकलो. झोफ्का, एवढं एक वाचव. पहिलं फळ टेकडीवरच्या तुझ्या चर्चमध्ये घेऊन येईन. चालत. गाडीने नाही.” ‘चालत’ म्हणताना त्याचा दुसरा हात आपोआप गुडघ्यावर गेला. गेली सहा वर्षं तो पावाच्या दुकानातही गाडीनेच जात होता. नवस बोलायला जीभ पुरते. फेडायला गुडघे लागतात.

हे बोलणं झोफ्का सोडून फक्त मी ऐकलं.

मग थंडी आली. माझ्या इनॅमलवर बर्फाची साय धरली. मी भट्टी आठवली, चाळीस वर्षांचे रविवार आठवले आणि पोटातली ती एवढीशी ऊब धरून ठेवली. बुचाने साथ दिली.

सकाळी वाफा उकडलेल्या पालकासारखा काळा पडला होता. तिल्का दारात उभी राहिली. सिरिल तिच्या मागे आला आणि म्हणाला, “काल मी खोटं बोललो.” पुढचं सगळं त्याने खाली मान घालून सांगितलं. नवसाचं तेवढं सांगितलं नाही.

तिल्का चिखलातून माझ्यापाशी आली, वाकली आणि तिने मला उचललं. खाली रोप हिरवंगार होतं. पानाच्या टोकावर पाण्याचा एक थेंब, तो न गोठलेला. तिने डोळे पुसले, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“आईंनी तुलाच झाकून ठेवायला हवं होतं,” ती म्हणाली. “झोफ्का येईपर्यंत.”

तेवढ्यात कुंपणापलीकडून लुडविकच्या बायकोचा, माल्चीचा, आवाज आला. “माझ्या लग्नातली रजई! अरे मेल्या, हंसाच्या पिसांची रजई चिखलात? छाती काढून उभी आहेत म्हणे! पांघरूण कुणाचं मग?” सिरिल वीस दिवसांत पहिल्यांदा पोटभर हसला.

त्याच दुपारी झोफ्का आली आणि आपल्या लौकिकाला जागली. भिजत भिजत सिरिल बाजारात गेला. आल्यावर तिल्काला सांगत होता, “विकणारी म्हणते, आलात का? तुमची वीस रोपं बाजूला काढून ठेवली होती. दर वर्षी दोनदा येता.”

“तिने सांगितलं, आणि तू ऐकूनही घेतलंस?”

“ऐकलं. या वेळी दांडा पण आणला.”

मित्रांनो, ऊन पडलं म्हणजे ऋतू आला असं नसतं. कोवळ्या जिवाला घाई करू नका. त्याची वेळ त्याला ठाऊक असते, आणि नसली तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना असते. आणि एखादं भांडं गळू लागलं म्हणून लगेच फेकू नका. सरळ ठेवून उपयोग नसेल, तर पालथं घालून पाहा.

मला तिल्काने घासूनपुसून स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर एका कानाने टांगलं. तिथून मी जून पाहिला, जुलै पाहिला. त्या एका रोपाला चार फळं धरली. सिरिल रोज संध्याकाळी काठी घेऊन आधी चौकापर्यंत, मग पुलापर्यंत, मग गिरणीपर्यंत चालू लागला. तिल्काने कारण विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “दुसरं फळ बियांसाठी. पहिल्याला मी हात लावणार नाही.” तिला कसं कळलं, मला माहीत नाही. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

ऑगस्टमधल्या एका पहाटे सिरिल चोरपावलांनी आला. त्याने मला खिळ्यावरून काढलं, आत स्वच्छ फडकं घातलं आणि त्यावर ते पहिलं फळ ठेवलं. लाल, जड, बाईंच्या दोन मुठींएवढं. टेबलावर तिल्काने रात्रीच बांधून ठेवलेला पावाचा तुकडा त्याला दिसला, तोही त्याने माझ्यात ठेवला. मग खिशातून गाडीची किल्ली काढून त्याने माझ्या रिकाम्या खिळ्यावर टांगली, काठी घेतली आणि आवाज न करता फाटक उघडलं.