न्हाणीघराच्या भिंतीवरचा पारा

मित्रांनो, पितळी पाठ, काचेची बारीक नळी आणि तळाशी गुंजेएवढा पारा, एवढाच माझा संसार. मी एक जुना उष्णतामापक आहे. फॅरनहाइटच्या साठाच्या खालचे माझे आकडे आता पुसले गेले आहेत. मुंबईत त्यांच्यावाचून कुणाचं अडलेलं नाही.

माझा जन्म विलायतेतला. एका कारागिराने माझी नळी ओढली, पारा भरला आणि बर्फात, मग उकळत्या पाण्यात बुडवून माझ्यावर खुणा केल्या. बोटीने मुंबईत आलो, तो मलबार हिलवरच्या एका साहेबाकडे. साहेब रोज माझ्याकडे बघे, कपाळ पुसे आणि गड्याला पंखा ओढायला सांगे. तो मायदेशी परतला नि मी भेंडीबाजारातल्या जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन पडलो. कुलुपं आणि बिनकाचांचे चष्मे यांच्या ढिगात दोन वर्षं काढली. तिथे थंडी की उकाडा, हे मला कुणीही विचारलं नाही.

अठराशे चौऱ्याण्णवच्या आश्विनात कालिंदीबाईंनी मला त्या ढिगातून उचललं. कॉलेजात दोन वर्षं शिकलेल्या या बाईंचं बिऱ्हाड गिरगावात, ठाकूरद्वाराजवळच्या एका वाडीत होतं. घरात नवरा रघुवीरराव, सासूबाई आणि वर्षाचा हेरंब. मागच्या थंडीत हेरंब दोन महिन्यांचा असताना त्याची छाती भरली होती, तीन आठवडे घरघर थांबली नव्हती. वैद्य जाताना म्हणाले होते, "वाचला. पण पुढची थंडी जपा." ते शब्द कालिंदीबाईंच्या मनातून हलत नव्हते. म्हणून मी आलो.

त्यांनी मला मागच्या पडवीत, पावसाचा शिंतोडा लागणार नाही अशी भिंत बघून टांगलं. भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं. रोज सकाळी त्या मला वाचत, वहीत टिपत आणि मग वर्तमानपत्रातला हवेचा अंदाज वाचत. पंच्याहत्तरच्या खाली गेलो की हेरंबाला कुंची, सत्तरच्या खाली गेलो की फ्लॅनेलचं अंगडं, असा कायदाच केला होता त्यांनी.

सासूबाईंना याची मोठी गंमत वाटे. "आम्ही पाच पोरं वाढवली ती काय भिंतीला विचारून?" त्या म्हणत.

"भिंतीला नाही, पाऱ्याला," रघुवीरराव मध्येच म्हणत. "हळू बोल आई, त्याला राग आला तर चढेल."

सासूबाईंचं कार्तिकस्नान संपत आलं तेव्हा वर्तमानपत्रात आलं, की पंजाबात कडाका पडला आहे आणि उत्तरेचे वारे दोन-तीन दिवसांत मुंबईस पोचतील. कालिंदीबाईंनी ते चारदा वाचलं. पेटीतलं अंगडं काढून उन्हात घातलं. मी मान ताठ ठेवून तयार होतो. माझ्या आयुष्यातली खरी कामगिरी आता येणार होती ना.

त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडली. कालिंदीबाई आल्या, बघितलं, पदराने माझी काच पुसली, पुन्हा बघितलं. मी चौऱ्यांशीवर होतो.

"अंदाज चुकला म्हणायचा," त्या हायसं वाटून म्हणाल्या.

त्या दिवशी सासूबाई महिनाभराचं निर्माल्य समुद्रात सोडायला चौपाटीवर निघाल्या होत्या. लुगड्यावर सोवळ्याची लोकरी धाबळी पांघरलेली, हातात परडी, आणि कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून सगळ्यांपासून चार हात लांब. हेरंब रघुवीररावांच्या कडेवर, नुसत्या पातळ झबल्यात.

"कुंची घालायची ना गं त्याला?" सासूबाईंनी विचारलं.

"नको. चौऱ्यांशी अंश आहे. घामाने भिजेल, आणि तोच घाम अंगावर वाळला की छाती धरेल."

ते गेले नि पाचच मिनिटांत कुलाब्याहून तुळसा कोळीण आली. टोपली खाली ठेवली, आणि माझ्याच खाली भिंतीला पाठ लावून डोळे मिटून बसली.

"काय गं, बरं नाही का?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"बरी हाय गो बाय. पहाटेपासनं वारा फिरलाय. बोंबील वलांडीवर टांगता टांगता हात लाकडावानी झालं. तुजी भिंत मातर झकास ऊन हाय. जरा पाठ शेकू दे."

कालिंदीबाईंनी भिंतीला हात लावला, आणि त्यांचा चेहरा उतरला. कार्तिकस्नानाचा नेम म्हणून महिनाभर सासूबाई पहाटे विहिरीच्या गार पाण्याने नहात, इतरांनाही उकाड्यात गारच पाणी हवं असे, हेरंबापुरतं स्वयंपाकघरात तापे, त्यामुळे न्हाणीघरातलं पाणी तापवायचं चुलाणं बंदच होतं. काल नेम संपला. आज पहाटे गारठा जाणवला म्हणून सासूबाईंनी ते धडधडून पेटवलं होतं. थंडी आली म्हणून जाळ झाला, जाळ झाला म्हणून भिंत तापली, आणि भिंतीला पाठ लावलेला मी दिमाखात वर चढलो.

"तुळसे, घर बघ," एवढंच म्हणून त्या अंगडं आणि कुंची घेऊन, पायात काही न घालता धावत सुटल्या.

मी तसाच लटकून होतो. चुलाणं विझत आलं तसा मी एकेक अंश उतरू लागलो. पण आता उतरून काय उपयोग? त्या अर्ध्या तासाइतका लांब वेळ मी भेंडीबाजारातही काढला नव्हता.

अखेर पायरीवर पावलं वाजली. पुढे सासूबाई होत्या, छातीशी धाबळीचं गाठोडं धरून. गाठोड्यातून एक गुलाबी नाक तेवढं बाहेर होतं, आणि ते शांत झोपेत होतं.

"सासूबाई, तुमचं सोवळं..." कालिंदीबाई धाबळीकडे बघत म्हणाल्या.

"वाळूवर पाय ठेवला नि वाऱ्याने कान धरला. पोराच्या तळपायाला हात लावला तर बर्फ. तेव्हा काय सोवळं बघत बसू? धाबळीही धुता येते, मीही नहाते परत."

"चुकलं माझं. मी त्या पाऱ्यावर विसंबले."

"चुलाणं मी पेटवलं. त्यात त्या गरिबाचा काय दोष?"

मित्रांनो, आयुष्यात माझी बाजू घेणारं ते पहिलं माणूस. दोन दिवस कालिंदीबाई हेरंबाच्या छातीला कान लावून होत्या. तो दोनदा शिंकला, आणि दोन्ही वेळा स्वतःच हसला.

मला मग उत्तरेकडच्या खांबावर, सावलीत टांगलं गेलं. दुसऱ्या दिवशी मी अडुसष्ट दाखवलं, ते मात्र अगदी खरं होतं.

तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला चुलीपासून, उन्हापासून दूर, वाहत्या हवेत जागा द्या. आम्ही खोटं बोलत नाही. पण जिथे टांगाल तिथलंच सांगतो. आणि आम्हाला वाचून झालं, की मुलाचे तळवेही एकदा हातात घ्या. कालिंदीबाई आता दोन्ही करतात. परवा त्या कुंची घेऊन निघाल्या, तर आतून सासूबाईंनी विचारलं,

"पाय पाहिलेस ते कळलं. पारा काय म्हणतोय?"