नंबर माझ्या पोटात होता

थांबा, लगेच फोन पुढे करू नका. आज मला फोनशिवाय बोलायचं आहे. मी हँडबिलाच्या कोपऱ्यात छापलेला काळ्या ठिपक्यांचा चौकोन. शिकलेले लोक मला क्यूआर कोड म्हणतात, बेळगावच्या बाजारात मात्र मी सरसकट 'स्कॅनर'. खरं तर स्कॅन करतो तो तुमचा फोन, मी नुसता पडून असतो. पण फुकटचं नाव मिळत असेल तर कोण सोडतो? मीही सोडलं नाही. तसलाच आहे मी, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म तिथल्याच अनगोळ भागात, आशुतोषच्या प्रेसमध्ये झाला. जन्म म्हणजे काय, त्याने संगणकावर एक फोन नंबर आणि एक वाक्य टाकलं, बटण दाबलं, की मी तयार. ना बारसं, ना पाचवी. वाक्य होतं, 'मला हातमागाची साडी बघायची आहे.' कुणी माझ्यापुढे फोन धरला की हे वाक्य त्याच्या व्हॉट्सॲपवर आपोआप उमटायचं. त्याने पाठवलं की थेट शेजारच्या वडगावात रचनाच्या फोनवर जायचं. मग रचना त्याला साड्यांचे फोटो आणि घराचा पत्ता पाठवणार, असा बेत होता.

रचना ही वडगावातल्या एका विणकराच्या घरची सून. गल्लीत घरोघरी पॉवरलूमचा खडखडाट, पण या एका घरात जमिनीत खड्डा करून बसवलेला हातमाग अजून चालू होता. सासरे नागोजी त्या खड्ड्यात पाय सोडून जन्मभर विणत बसले. त्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांच्या जागी रचना बसली. आडव्या धाग्याचा धोटा कसा फेकायचा, काठ कसा सरळ ठेवायचा, हे सगळं तिला सासूने, अंबुबाईंनी शिकवलं. सासू-सुनेचं एरवी भाजीच्या मिठावरूनही वाजायचं, पण मागापाशी दोघींचं एक.

नवरा स्वरूप दुसऱ्याच्या पॉवरलूमवर कामाला. माणूस वाईट नाही. त्याला घरात स्वतःचे लूम बसवायचे होते आणि घरात जागा तेवढी एकच. पुढे मी गठ्ठ्याने त्यांच्या घरात येऊन पडलो, तेव्हा त्याचं बोलणं मी ऐकलं.

"खंडेनवमीला मागाची पूजा होऊ दे," तो रचनाला म्हणत होता. "तवर तुझं गिऱ्हाईक दारात आलं तर माग ऱ्हायला. न्हाय तर खड्डा बुजवायचा. मीबी किती दिस दुसऱ्याच्या लूमवर राबू, तूच सांग."

त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. रचना एवढंच म्हणाली, "येतंय की गिऱ्हाईक. हँडबिल तरी जाऊ दे घराघरात."

म्हणजे तिची सगळी भिस्त माझ्यावर. आणि माझी अक्कल पाहा. प्रेसमध्ये आशुतोषने आधी माझ्या बाजूला रचनाचा नंबर चांगला ठळक छापायला घेतला होता. वर साडीचा फोटो, मध्ये 'वडगावची हातमागाची साडी' असा मजकूर, खाली नंबर आणि कोपऱ्यात अंगठ्याएवढा मी. पण मी तेवढा लहान छापला तर फोन मला नीट वाचेना. म्हणून त्याने मला मोठं केलं, डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात अगदी कडेला सरकवलं, आणि नंबर काढून टाकला.

अंबुबाई सुनेबरोबर प्रेसमध्ये आल्या होत्या. त्यांनी कागद लांब धरून बघितला. "आन् नंबर कुठं हाय रं?"

"आज्जी, नंबर याच्या पोटात आहे," आशुतोष माझ्यावर बोट ठेवून म्हणाला. "आता नंबर कोण दाबत बसतंय? फोन धरला की झालं."

"पोटातलं कुणाला दिसतंय? अक्षर दिसाय पायजे बाबा. माझ्यागत म्हाताऱ्या मानसानं काय करायचं?"

"नातवंडं आहेत की घरोघरी!"

रचना घुटमळली. मग आशुतोष शिकलेला आहे, त्याला कळतं, म्हणून तिने मान डोलावली. मी त्या वेळी फुगलो होतो. दहा आकडे माझ्यापायी घराबाहेर गेले याचं मला कौतुक वाटत होतं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो आशुतोष की मी, हे तुम्हीच ठरवा.

माझं एक आहे. शरीरं हजारभर, पण जीव एकच. प्रत्येक हँडबिलावर मीच. गठ्ठे वडगावला आले आणि जेवणं उरकल्यावर दुपारी अंबुबाई गल्लीतल्या दोन बायकांना घेऊन बसल्या. समोर दोन वाट्या, एकीत ओली हळद, दुसरीत तेलात कालवलेलं कुंकू. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना लावतात तसं प्रत्येक हँडबिलाच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावायचं होतं. वर हळद, खाली कुंकू.

"घरचं कार्य हाय," त्या म्हणाल्या. "कोरा कागद लोकांच्या दारात कसा धाडायचा? मयताचा सांगावा हाय काय त्यो?"

रचना मागावर होती. तिने मान वळवून बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. सासूने तिचं काम स्वतःचं कार्य मानलं होतं. तिच्या हातात अर्ध्या विणलेल्या साडीचा पदर होता, ती पुन्हा विणायला लागली.

इथे माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. ते माझे डोळे. बाकी अंगावर चहा सांडला, सुरकुती पडली, तरी मी निभावून नेतो. पण तीनपैकी एक डोळा झाकला की फोनला मी कोण तेच कळत नाही. आणि अंबुबाईंचा अंगठा नेमका माझ्या खालच्या डोळ्यावर पडत होता. हात पक्का होता त्यांचा, एकही कागद सुटला नाही.

मला तोंड नाही, मी ओरडू शकत नव्हतो, हे खरं. पण निदान तळमळलो असतो! उलट मला गुदगुल्या झाल्या. आजवर कुठल्या कोडाला कुंकू लागलंय? लोक साबणाच्या वेष्टनावरच्या कोडाला ढुंकून बघत नाहीत, आणि इथे माझी पूजा चालली होती. एकेक डोळा मिटत गेला आणि मी नवरदेवासारखा मिरवत राहिलो. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पेपरवाल्या शामूने मला पेपरात घालून अनगोळ, शहापूर, टिळकवाडी अशा घराघरांत टाकलं.

मग माणसांची गंमत सुरू झाली. लोक माझ्यापुढे फोन धरायचे. मी उघडत नसे. कुणी कॅमेऱ्याची काच शर्टाला पुसायचं, कुणी नेट नाही म्हणून गच्चीवर जायचं, कुणी शेजारच्या पोराला हाक मारायचं. एका आजोबांनी तर मला उलटा धरला, मग आडवा, मग भिंगाखाली. शेवटी सगळे एकच म्हणायचे, "आपलाच फोन जुना झालाय." कुंकवाचा संशय कुणाला यावा?

नेहमी हँडबिल म्हणजे सकाळचं पेपरात आणि संध्याकाळचं शेंगदाण्याच्या पुडीत. माझं तसं झालं नाही. हळद-कुंकू लागलेला कागद कचऱ्यात कसा टाकायचा? बायकांनी मला देवघरात ठेवलं, धान्याच्या डब्यात ठेवलं, कॅलेंडरमागे खोचलं. इतका मान कुठल्याच जाहिरातीला मिळाला नसेल. नंबर असता तर यातल्या कितीतरी जणींनी फोन लावला असता. कुणी वडगावात येऊन विचारलं असतं तरी काय सांगणार? 'साड्यावाल्यांचं घर कुठलं' म्हटलं की तिथे प्रत्येक जण आपलंच दार दाखवतो.

इकडे रचना फोन मागाच्या बाजूला ठेवून विणायची. फोन वाजला की धोटा थांबायचा. कधी रिचार्जचा मेसेज, कधी कुणाचं 'शुभ सकाळ'. घरात उरलेल्या हँडबिलांवरून मी हे सगळं बघत होतो.

"आला काय गं मेसेज?" अंबुबाई विचारायच्या.

"न्हाय आत्या. येईल."

मग त्यांनी विचारायचं सोडलं. रचनाही फोन बघताना पाठ फिरवायला लागली. एकदा ती साडीचा काठ बोटात धरून स्वतःशीच म्हणाली, "वाईट तर न्हाय विणलं मी." मला ते ऐकवेना. विणण्यात काहीच कमी नव्हतं. जे काही कमी होतं ते माझ्यात.

खंडेनवमी आली. मागाला झेंडूचा हार घातला, धोट्याला गंध लावलं. नागोजी खुर्चीवर बसून मागाकडे बघत राहिले. दसरा गेल्यावर विणलेल्या साड्या व्यापारी देईल त्या भावात गेल्या, मागाची लाकडं सुटी करून माळ्यावर चढवली आणि खड्ड्यात मुरूम पडला. स्वरूपने स्वतः टाकला, मजूर बोलावला नाही. रचनाने वर पाणी मारलं. अंबुबाई तेवढा वेळ शेजारी जाऊन बसल्या.

जमीन अजून ओली होती तोवर दारात एक बाई आल्या. वासंतीबाई, अनगोळच्या निवृत्त शिक्षिका. हातात मी.

"हुश्श! रचना तूच का गं? सापडलं एकदाचं घर. शेवटी पेपरवाल्या शामूला धरलं, तेव्हा कळलं." त्या पायरीवरच बसल्या. "अगं, हे उघडतच नाही. आमच्या गल्लीतल्या सगळ्या जणींकडे आहे, कुणाचंच उघडत नाही. दिवाळीला हातमागाचं नेसायचं म्हणून सगळ्या थांबल्यात. नंबर तरी घालायचा की बाई!"

स्वरूप हातातलं फावडं घेऊन तसाच उभा राहिला.

"आमची नात ऋचा म्हणाली, आजी, कुंकू पुसून बघूया. मी म्हटलं, भलतंच काय! कुंकू पुसतात का कधी? पण ती म्हणते, त्या कुंकवाखालीच..."

रचनाने हँडबिल हातात घेतलं. माझ्या मिटलेल्या डोळ्यावर सासूच्या अंगठ्याचा ठसा स्वच्छ उठलेला होता. तिने त्यावर आपला अंगठा ठेवून बघितला, तेव्हाच मला समजलं की तिला सगळं कळलं. अंबुबाई शेजारून परत येऊन तिच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं होतं.

"व्हय गं रचना?" त्यांचा आवाज खाली गेला. "माझ्या कुंकवानं झालं ह्ये?"

रचनाने वळून बघितलं. "न्हाय ओ आत्या. कुंकवानं कुटं काय हुतंय? कोडच बाद हुता. छापतानाच बिघडलाता."

वासंतीबाईंचा जन्म वर्गातल्या पोरांचे चेहरे वाचण्यात गेलेला. त्यांनी सुनेकडे बघितलं, सासूकडे बघितलं, आणि लगेच म्हणाल्या, "असेल, असेल. ऋचाला काय कळतंय! या कोडांचा भरवसाच नाही मुळी."

"मी म्हनलंच हुतं, नंबर टाक म्हनून!" अंबुबाईंचा जीव भांड्यात पडला. "मुडदा बशिवला त्या कोडाचा!"

ती शिवी मी गोड मानून घेतली. आरोप खोटा होता. छपाईत माझा एक ठिपकाही चुकला नव्हता. पण नंबराला ढकलून त्याची जागा मी घेतली, पूजेला भुलून मी फुगलो, आणि त्याची शिक्षा त्या म्हातारीला होणार होती. ती टळली, मग माझं नाव खराब झालं तर झालं. वाईट एवढंच, की खरं काय ते आता एकट्या रचनाला पोटात ठेवायचं आहे. वासंतीबाईंनी माग बघायला मागितला तेव्हा तिने ओली जमीन दाखवली. त्या तिच्या पाठीवर हात ठेवून निघून गेल्या.

आता त्या जागी लूम चालतात. स्वरूप आणि रचना आळीपाळीने बघतात. घरातलं बोलणं आता ओरडूनच करावं लागतं.

मी मात्र संपलो नाही. आशुतोषच्या टेबलावरच्या काचेखाली माझा एक नमुना आहे. तो वडगावला गेलाच नाही, त्याला कुंकू लागलं नाही. नवीन गिऱ्हाईक आलं की आशुतोष त्याला सांगतो, "धरा फोन, बघा कसा झटक्यात उघडतो!" आणि मी उघडतो. माझा इलाजच नाही. जे वाक्य पोटात घातलं तेच मी बोलतो, 'मला हातमागाची साडी बघायची आहे.' बरेच जण हसून फोन खिशात घालतात. एखादा मात्र हौसेने पाठवून टाकतो.

म्हणून हात जोडून सांगतो, जोडायला हात नाहीत तरी सांगतो. अनगोळच्या त्या प्रेसमध्ये गेलात तर काचेपुढे फोन धरू नका. आणि माझ्या एखाद्या भावंडाला कुठे छापायचं असेल तर बाजूला दहा आकड्यांची जागा सोडा, मग ते कितीही फुगलेलं का असेना.

कारण तो मेसेज पोचतो. लूमच्या खडखडाटात रचनाचा फोन वाजतो, ती हात पुसते, वाचते. उत्तर टाळत नाही. दर वेळी तेच लिहिते, 'माग बंद झाला आहे, माफ करा.'

चूक माझी, आणि माफी ती मागते.