फानेसीची नळी

"मग फानेसीची नळी चांगली कशी आली?" मर्विसने विचारलं, आणि आंब्याखाली बसलेल्या बायकांनी एनेलेसीकडे पाहिलं.

उत्तर एनेलेसीकडे होतं, पण ते देण्याची सोय नव्हती. मलावीच्या सरोवराकाठच्या या गावांत ती पंधरा वर्षं आरोग्यसेविका होती. तीन वर्षांपूर्वी इथे पहिल्यांदा नळ्या तिनेच वाटल्या. बाईने आडोशाला जायचं, काडी स्वतःच आत फिरवायची आणि नळीत बंद करून द्यायची. दवाखान्यातल्या यंत्राला त्या नळीत गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग करणारा विषाणू सापडलाच, तर बाईला बोलावून तपासत आणि रोग होण्याआधीच बिघडलेली जागा उष्णतेने जाळून टाकत. काही मिनिटांचं काम. अठरा जणी अशा वाचल्या होत्या. फानेसीच्या नळीत मात्र काहीच निघालं नव्हतं, आणि आज त्याच कर्करोगाने ती अंथरुणाला खिळली होती. आता औषध होतं ते फक्त कळा कमी करण्याचं.

"यंत्रच खोटं बोलतंय," मर्विस म्हणाली. "माझ्या नवऱ्यासारखं. कधीही विचारा, सगळं ठीक."

बायका हसल्या. खोक्यातल्या नळ्यांना मात्र कुणी हात लावला नाही.

खरी गोष्ट एनेलेसीला आठवड्यापूर्वी लायनेसने रडत सांगितली होती. लायनेस फानेसीची धाकटी बहीण, दोघींची घरं एकाच अंगणात. नळ्या आल्या तेव्हा फानेसीचा थोरला मुलगा नुकताच गेला होता. दुखवटा फिटेपर्यंत बाईने असलं काही केलं तर घरातली लेकरं सुजून मरतात, असं जुन्या बायका सांगत. पण एनेलेसीने त्या अंगणात तीन हेलपाटे घातले होते. तिला रिकामी नळी परत देणं फानेसीच्या जिवावर आलं. म्हणून दोन्ही काड्या लायनेसने वापरल्या. एनेलेसीने भरलेल्या नळ्या घेतल्या आणि दोघींना शाबासकी दिली.

काल ती फानेसीकडे गेली होती. खरं कळलं नाही तर बायका नळ्या घेणार नाहीत, हे तिने हळूहळू समजावलं. फानेसीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"यंत्र चुकलं म्हणून सांग," ती म्हणाली. "यंत्राला कसली आलीय लाज? लायनेसला याच गावात म्हातारं व्हायचंय."

"आणि बाकीच्या बायकांचं काय?"

"त्यांचं तू बघ गं. मी माझ्या बहिणीचं बघते."

"चुकतं का यंत्र?" आंब्याखाली मर्विसने आता थेटच विचारलं.

"क्वचित चुकतं," एनेलेसी म्हणाली. ते खरं होतं, आणि इथे साफ खोटं.

मर्विस कमरेचं वस्त्र झटकून उठली. तिच्यामागे आणखी दोघीतिघी उठल्या. तेवढ्यात मागून लायनेसचा आवाज आला.

"त्या नळीत ताईचं काही नव्हतंच. दोन्हींत माझंच होतं. ती दुखवट्यात होती. मी म्हटलं, मी देते."

मर्विस खाली बसली. थोड्या वेळाने तिनेच पहिली नळी उचलली. मग एकेक बाई बोरूच्या कुडामागे जाऊन येऊ लागली. एनेलेसी दर वेळी कुडाबाहेर उभी राहून आत कोण गेली आणि बाहेर कोण आली ते पाहत होती. उन्हं कलेपर्यंत खोकं रिकामं झालं. चटईवर सरकून लायनेसला मात्र कुणी जागा दिली नाही.

निघताना एनेलेसी सरोवराच्या वाटेने गेली. लायनेस पाण्यात उभी राहून फानेसीच्या चादरी धूत होती. रोज तिच्या शेजारी धुणाऱ्या बायका आज आपापली घमेली उचलून काठाने बऱ्याच पलीकडे गेल्या होत्या. ओली चादर जड होती, एकटीला पिळवत नव्हती.

एनेलेसीने चपला काढल्या, गुडघाभर पाण्यात उतरून चादरीचं दुसरं टोक धरलं आणि उलट्या अंगाने पीळ द्यायला सुरुवात केली.